चिंचोक्यांचा चौकोन

माझ्या नावाची पाटी कुठल्याच शाळेत नव्हती, कारण मी कुठल्याच एका शाळेची नव्हते. हुद्दा होता फिरती विशेष शिक्षिका. आज या गावची शाळा, उद्या त्या वस्तीची. स्कूटीचा आवाज आला की पोरं लांबूनच ओरडायची, "खुळ्या पोरांच्या मॅडम आल्या!" सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मग एकदा जळकोटच्या थांब्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी अगदी अदबीनं विचारलं, "तुमीच का त्या खुळ्या मॅडम?" त्यांना वाईट काही म्हणायचंच नव्हतं. मी "व्हय, मीच" म्हणाले आणि त्या दिवसापासून राग सोडून दिला. नोकरी कंत्राटी होती. निवृत्ती तेवढी कायमची मिळाली.

आता घरी बसल्यावर शेजारपाजारच्या बायका विचारतात, तुम्ही नेमकं करत काय होता? एका वाक्यात सांगायचं तर मी अंगण सारखं करत होते. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्यानं काढली, त्यानं आमच्यासारखं काम केलेलं नसणार. अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. सगळ्या पोरांनी एकाच वेगानं वाचायचं, एकाच जागी बसायचं, एकाच रीतीनं लिहायचं, असं अंगण आपण घालून ठेवतो आणि ज्याला ते जमत नाही त्याला नाच येत नाही म्हणून मोकळे होतो. माझं काम त्या एका पोरापुरता उंचवटा काढून द्यायचं. त्याला उचलून वेगळ्या शाळेत न्यायचं नाही. आहे त्याच वर्गात, त्याच दोस्तांत त्याचं भागलं पाहिजे. कागदोपत्री याला समावेशक शिक्षण म्हणतात. शब्द जड आहे, काम तितकं जड नाही. चिडायची ताकद आणि चहा पचवायची ताकद असली की जमतं.

ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा पोराला मदत लागते हे कुणालाही पटतं. सगळ्यात फसवी गिऱ्हाइकं म्हणजे हुशार पोरं. म्हणजे असं बघा, गाडीला दोन बैल जुंपलेत. एक पळतोय आणि दुसऱ्यानं बसकण मारलीय. गाडी आपली मध्यम चालीनं रखडते आणि मास्तरांना वाटतं, गाडीच मध्यम आहे. पोराचं डोकं पळत असतं, पण अक्षरं वाचताना, लिहिताना ते अडतं. हुशारीमुळं अडचण झाकते आणि अडचणीमुळं हुशारी. शेवटी प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, 'साधारण'. या एका शब्दानं आपल्या जिल्ह्यातली किती पोरं घरी बसवली असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मला जी सापडली त्यांची नावं मला पाठ आहेत. जी सापडली नाहीत, त्यांची आठवण मात्र जास्त येते.

बेंबळीला एक पोरगा होता. गणितात वाघ, पण बुडाखाली जणू निखारे. दोन मिनिटं बसेल तर शपथ. बाई त्याला मारून थकल्या होत्या. मी म्हटलं, बसायची अट कुणी घातलीय? भिंतीला खिळा मारला, त्याला वही अडकवायला पुठ्ठा लावला आणि त्याला उभ्यानं गणितं सोडवू दिली. पोरगा एकदम शांत. आठवड्यानं त्या बाईंचा फोन आला, "मॅडम, तुमचा उपाय लई भारी. आता अख्खा वर्ग उभा हाय, आन मलाच बसाय जागा न्हाय." मी म्हटलं, तुम्ही बसा की, खुर्ची रिकामीच असेल.

पण मला सांगायचंय ते वैष्णवीबद्दल. जळकोटच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे छापून आलं की तिथल्या एक आजी माझ्यावर चिडतील आणि मला त्यांच्या हातचे पोहे आवडतात.

तिथल्या हायस्कुलात माने सर गणित शिकवायचे. माणूस सरळ, पण रीतीचा भारी कडक. पायरी सोडली की गुण गेला. एकदा त्यांचा फोन आला, "मॅडम, आमच्या वर्गात एक चोर हाय आन मला काय गावंना."

"चोर कसला?"

"नववीतली पोरगी हाय, वैष्णवी. उत्तर दर बारीला बरोबर, रीतीची एक ओळ न्हाय. कुणाचं बघून लिवती म्हणावं, तर पुढं एकटी बसवली. तरी बरोबर! परवा वर्गाला गंमत म्हणून इचारलं, एकपासून एकोणीसपर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज किती? माझा खडू फळ्याला टेकायच्या आत ही म्हणती, शंभर."

"आणि मराठी कसं आहे तिचं?"

"ते इचारूच नका. धडा वाचाय लावला की घाम फुटतोय. अक्षरं उलटीपालटी. मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यांच्यापुढं वाचाय उभी केली. अडखळली, सगळा वर्ग हसला. तवापासनं साळंलाच आली न्हाय."

माझे कान टवकारले. एक बैल पळणारा, एक बसणारा. आणि पोरगी घरी बसलेली, तेही सोयाबीनच्या सुगीत. सुगीत घरी बसलेली पोरगी सुगी संपल्यावर शाळेत परत येईलच असं नसतं. मी तिच्या वडलांना, संदिपानरावांना फोन केला. उद्या शाळेकडून आम्ही दोघं येतोय, वैष्णवीची थोडी तपासणी करायचीय. "या की," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बायकोला घेऊन रानात गेले. घरात कुणालाच काही सांगितलं नाही. पुढचं सगळं महाभारत त्यातून झालं.

सोबत सचिन होता. जिल्ह्याच्या पथकात नवीनच आलेला मानसशास्त्राचा पोरगा. कुणाचं डोकं कुठं पळतं आणि कुठं अडतं, हे ठोकळे, चित्रं आणि कोडी देऊन तपासायचं काम त्याचं. उंच, गोरा, अंगात इस्त्रीचा नवा शर्ट आणि अर्थातच बिनलग्नाचा. मी त्या दिवशी तालुक्याच्या एका कार्यक्रमातून तशीच आलेले, म्हणून जरीकाठाची साडी. पोरगी बुजलेली असणार म्हणून वाटेत पेढ्यांचा पुडाही घेतला. आता तुम्हीच सांगा, जरीकाठाची बाई, नव्या शर्टातला तरणा पोरगा आणि पेढे. गल्लीनं दुसरं काय समजावं?

दारात आजी होत्या. त्यांनी सचिनला बुटापासून भांगापर्यंत एकदा नीट बघून घेतलं. मग घाईघाईनं आत गेल्या, सतरंजी अंथरली आणि मला म्हणाल्या, "बसा. पोरगं काय करतंय?"

"जिल्ह्याला नोकरीला आहेत," मी म्हटलं.

"शेती?"

"थोडी आहे गावाकडं," सचिन भाबडेपणानं म्हणाला.

मला यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं नवा माणूस दिसला की जमीन विचारतातच. मग वैष्णवी आली. थोरल्या बहिणीची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हातात पोह्यांचं ताट. साडी तिला इतकी मोठी होत होती की चालताना निऱ्या पायात येत होत्या. पाहुणे आले म्हणून नटली असेल, असं मला वाटलं. आम्ही पोहे खाल्ले. पोहे सुरेख झाले होते.

सचिननं कागद काढला. "नाव सांग बाळ. वय किती?"

"सोळावं सरलंय," आजी म्हणाल्या.

"चौदा," वैष्णवी पुटपुटली. आजींनी तिच्याकडं असं बघितलं की पोरगी सतरंजीत शिरायची बाकी राहिली.

"बरं, नाव लिहून दाखव."

पोरीनं पेन मुठीत आवळलं. तिनं 'वैष्णवी' लिहिलं, पण मात्रा एकीकडं, वेलांटी दुसरीकडं गेली. डोळे भरले. आजी घाईनं पुढं सरकल्या, "लिवाय जरा कच्ची हाय. पर भाकरी बघा हिची! टम्म फुगती. आन कवा तोंड वर करून बोलणार न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दाराकडं बघितलं. दारात बायकांची गर्दी. एक म्हातारा तर खिडकीतून सचिनचे दात बघायला धडपडत होता. मी तोंड उघडणार, इतक्यात सचिननं लाल-पांढरे ठोकळे सतरंजीवर मांडले, चित्र समोर धरलं आणि घड्याळ सुरू केलं. वैष्णवीनं डोळे पुसले. पदर खांद्यावरून मागं टाकला. तिचे हात जे चालू झाले म्हणता! जे चित्र जुळवताना मला घाम फुटतो, ते तिनं बघता बघता जुळवलं. पुढचं, त्याच्या पुढचं. सचिन घड्याळ थांबवायचं विसरून तिच्या हातांकडं बघत बसला. त्या पोरीचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोकळा झाला होता आणि तो मला मोडायचा नव्हता. म्हणून मी गप्प बसले. वरपक्ष तर वरपक्ष.

"हे कसलं वं?" दारातली एक बाई म्हणाली.

"शहरातली रीत असंल," खिडकीतला म्हातारा म्हणाला. "आमच्या टायमाला निस्तं चालून दाखवाय लावायचे."

मग मी तिला माने सरांचा प्रश्न विचारला. ते शंभर तुला कसं कळलं? ती आत गेली आणि डबाभर चिंचोके घेऊन आली. सतरंजीवर एक चिंचोका ठेवला. त्याच्या कोपऱ्याला धरून तीन लावले, दोन बाय दोनचा चौकोन झाला. त्याच्या कोपऱ्याला पाच लावले, तीन बाय तीनचा झाला. "असं कोपरे लावीत जायाचं. दर बारीला चौकोनच व्हतोय. एकोणीसचा कोपरा धावा हाय. म्हंजी धा बाय धाचा चौकोन. शंभर." आणि मग हळूच म्हणाली, "हे वहीत कसं लिवायचं ते मला येत न्हाय."

ज्या गोष्टीचं माने सर दहावीत सूत्र शिकवतात, ती या पोरीनं चिंचोक्यांत बघितली होती. दारातल्या बायका पण एकमेकींना "बगा, बगा, चौकोन झाला" म्हणत होत्या.

आणि त्याच वेळेला गर्दी बाजूला सारत अंगणवाडीच्या ताई आत आल्या, मागं ग्रामसेवक. ताईंनी कमरेला पदर खोचलेला. "कोण हाय नवरदेव? पोरगी चौदाची हाय! गुन्हा दाखल व्हतोय, जेलात जाशीला समदी!"

सचिनच्या हातातलं घड्याळ खाली पडलं. बिचाऱ्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग पेढ्यांकडं, मग डोकं धरून बसला. ग्रामसेवक मला ओळखत होते म्हणून निभावलं. "अहो, ह्या खुळ्या पोरांच्या मॅडम हायत," ते ओरडले आणि गल्लीत जो हशा पिकला तो पार वेशीपर्यंत गेला. एकट्या आजी हसल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या ताटल्यांकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "मंग पोहे कशाला खाल्ले?"

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं सरकवला.

पण हसून झाल्यावर मला जो राग आला, तो खरा होता. कोण, कुठले, न विचारता या बाईंनी चौदा वर्षांच्या पोरीला साडी गुंडाळून पुढं बसवली होती. गर्दी पांगल्यावर मी आजींना फटकन म्हटलं, "आजी, आम्ही खरेच पाहुणे असतो तर दिली असती पोरगी?"

आजी चिंचोके डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, जिला लिवाय येत न्हाय तिला साळंत समदे हसत्यात. म्या तर अंगठाबहाद्दर. म्या हिला काय शिकवू? आपल्या घरची झाली तर कोण हसणार न्हाय, एवढंच मला कळतंय."

माझा राग अर्धा तिथंच गळाला. आजी दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. पण मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. ही पोरगी शाळेत परत आली नाही, तर या सतरंजीवर पुढच्या वेळी बसतील ते पाहुणे खरे असतील आणि अंगणवाडीच्या ताई दरवेळी वेळेवर पोचतीलच असं नाही.

वैष्णवीची अट एकच होती. "मला सगळ्यांपुढं वाचाय लावायचं न्हाय." मी ती माने सरांना सांगितली. सर दुसऱ्याच दिवशी तिच्या रानात गेले, बांधावर बसले आणि म्हणाले, "ते चिंचोके दाव." तिनं दाखवले. सरांनी पुढचा कोपरा स्वतः लावून बघितला. मग म्हणाले, "रीत न्हाय म्हणून म्या गुण कापले. रीत हुती की गं! आजपासनं तू तोंडानं सांग, म्या लिवतो." सोमवारी पोरगी शाळेत आली. माने सरांनी वर्गातल्या सगळ्यांनाच चिंचोके आणायला लावले. त्या वर्षी गावातल्या चिंचा कुणी बियांसकट गिळल्या नाहीत.

पोरगी दहावीत गेली आणि खरा पेच पुढं आला. दहावीच्या बोर्डाला अशा मुलांना लेखनिक मिळतो. म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि सांगितलेलं उत्तर लिहिणारा, खालच्या वर्गातला विद्यार्थी. शिवाय वेळ वाढवून मिळतो. पण त्यासाठी सरकारी दवाखान्याचं दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय वैष्णवी गणितात कितीही चमकली तरी भाषेत गचकणार हे नक्की होतं. नापास झाली की घरी, आणि घरात सतरंजी होतीच.

आजींनी 'दिव्यांग' हा शब्द ऐकला आणि पायच रोवले. थोरलीचं, पूजाचं, लग्न जमायचं होतं. "एकदा कागदावर आलं की गावभर व्हतंय. घरात अधू पोरगी हाय म्हनतील. थोरलीला कोण करंल? आधी पूजाचं हू द्या, मंग काय बी करा." संदिपानराव आईपुढं अवाक्षर काढत नसत. मी समजावलं, चिडले, परत समजावलं. बोर्डाचे अर्ज भरायचे दिवस जवळ येत चालले होते. मी घरी येऊन भांडी आपटायची आणि माझे मालक मुकाट्यानं बाहेर जाऊन बसायचे.

सोडवणूक झाली ती माझ्या अकलेनं नाही, गल्लीच्या तोंडामुळं. पूजाला बघायला पाहुणे आले ती हकीकत संदिपानरावांनी मला दुसऱ्या दिवशी येऊन सांगितली, आणि सांगताना माणूस हसून हसून वाकला होता. आजींनी वैष्णवीला मागच्या खोलीत बसवून कडी घातली होती. बाहेर चहा-पोहे झाले, पूजानं नाव लिहून दाखवलं, सगळं रीतसर. आणि मग मुलाचा बाप म्हणाला, "ते असू द्या. साहेबाच्या घड्याळाला हरवणारी पोरगी ह्याच घरची न्हवं? आमच्या गावापातूर कळलंय. बोलवा की तिला."

आजींचा चेहरा पडला. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? कडी निघाली. वैष्णवी डबा घेऊन आली. पोहे राहिले बाजूला आणि सगळा वरपक्ष सतरंजीवर ओणवा होऊन चिंचोके लावत बसला. नवरदेवाला चौथा कोपरा काही केल्या लागेना. त्याचा बाप म्हणाला, "आमच्या घरात हिशेबाला असलं डोकं कुणाचं न्हाय. थोरलीबी अशीच असंल तर आमचं काम झालं." पूजाचं तिथल्या तिथं जमलं.

म्हणजे ज्या पोरीला लपवायचं, तिच्यामुळंच थोरलीचं ठरलं. आजींनी ते मला कधी तोंडानं कबूल केलं नाही. फक्त पुढच्या सोमवारी सकाळी त्या नातीला घेऊन स्वतः थांब्यावर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "चला, कुठं हाय तो दवाखाना?"

दवाखान्यात आजींनी धमाल केली. रांगेतल्या प्रत्येकाला नातीची चिंचोक्यांची कथा सांगितली. डॉक्टर मॅडमनी तपासण्यांचे कागद बघून समजावलं की हिला वाचन-लेखनाची अडचण आहे, तसं प्रमाणपत्र मिळेल. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कमी हाय त्याचं सर्टिफिकेट दिलं. पर हिच्यात जास्त बी हाय. त्या जास्तीचं सर्टिफिकेट कुठल्या खिडकीला भेटतंय?"

डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी प्रशिक्षणं घेतली, दिली, मोठाले शब्द पाठ केले. पण आमच्या कामात काय कमी आहे ते मला इतक्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. ती खिडकी अजून तरी कुठं उघडलेली नाही.

लेखनिक म्हणून मुस्कान मिळाली, एक वर्ग मागची, मोत्यासारखं अक्षर आणि स्वभावानं अगदी नेमाची. लेखनिकानं आपल्या मनचं काही घालायचं नाही, समोरची सांगेल तेच आणि तसंच लिहायचं, असं मी तिला बजावलं. पहिल्या सरावाचा पेपर माने सरांनी तपासला आणि हसत हसत माझ्यापुढं टाकला. लिहिलं होतं, 'त्रिकोण अबक मध्ये, थांब गं जरा, न्हाय न्हाय ते खोड, हां, कोन अ बरोबर कोन क, लिवलीस का, मला तहान लागली.' सगळं मोत्यासारख्या अक्षरात. मी मुस्कानला विचारलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "तुम्हीच बोलल्या ना मॅडम, जसंच्या तसं!" तिचंही बरोबरच होतं. मग दोघींनी आपसात ठरवलं, उत्तराचं वाक्य सांगताना वैष्णवीनं बाकावर बोट टेकवायचं, बोट उचललं की मुस्काननं पेन उचलायचं. ही युक्ती माझ्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हती. पुढं मी ती बाकीच्या सगळ्या मुलांना शिकवली.

बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र नळदुर्गला होतं. गणिताचा पेपर आला तेव्हा रमजान लागलेला आणि मुस्कानचा रोजा. मार्चचं ऊन, वाढीव वेळ. पेपर सुटल्यावर दोघी बाहेर आल्या तर वैष्णवीची पाण्याची बाटली भरलेली तशीच.

"पाणी का नाही प्यालीस गं?" मी ओरडले.

"हिच्यापुढं कसं पिऊ? ती माझ्यासाठी लिवत हुती की."

मुस्कान म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं पी म्हणून. ती बोट टेकवून पुढचं उत्तरच सांगायची." आजी बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. त्यांनी आधी नातीला शिव्या घातल्या, मग पदराआडून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला, मुस्कानच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रोजा सोडताना खा. आईलाबी दे." मी गॉगल लावून घेतला. ऊन फार होतं, असं आपलं सांगायला.

निकाल लागला. गणितात पोरगी शाळेत पहिली, मराठीत काठावर. माने सर शाळेच्या दारात पेढे वाटत उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "रीत तिची सोताची हाय, बरं का." वैष्णवी डिप्लोमाला गेली, बांधकामाच्या. आता शेवटच्या वर्षाला आहे. वाचायला अजून वेळ लागतो, फोनकडून वाचून घेते. नकाशा मात्र एकदा बघितला की सगळी इमारत तिच्या डोळ्यापुढं उभी राहते म्हणे. मुस्कान बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. दोघींचं अजून रोज बोलणं असतं.

मागच्या महिन्यात दुपारी आजींचा फोन आला. आवाज एकदम खाजगीतला. "मॅडम, काल पाव्हणे आल्ते. खरे."

मी घाईनं विचारलं, "वैष्णवीसाठी?"

"मंग काय माझ्यासाठी? तिला अठरा सरली, ती सुट्टीला आल्याली, ह्यांना कुठनं वास लागला काय माहीत. न सांगता दारात. हाकलावं कसं? सतरंजी टाकली. पोहे केले."

"मग?"

"पोराची आई म्हनली, नाव लिवून दाखव. आमची म्हनली, लिवते की, पर मला टाइम जास्तीचा मिळतोय, सरकारनंच दिलाय. माझं शिक्षण हू द्या, नोकरी लागू द्या, मंग निवांत लिवून दाखवते."

"आणि तुम्ही काय म्हणालात, आजी?" मी विचारलं.

"म्या म्हनलं, पोहे खावा आन जावा." मग आजी म्हणाल्या, "सतरंजी घडी घालून माळ्यावर टाकलीय. आता तुमी आल्यावरच काढीन. या एकदा. पर पेढे आणू नका, बाई. गल्ली लगीच गोळा व्हती."

मी दुसऱ्याच दिवशी गेले, आणि जाताना मुद्दाम दुप्पट पेढे घेतले. गल्ली गोळा झालीच.